टेकाडावरचा लसूणघास

श्योनताल, मॅनिटोबा
९ जून

ती. सुझानाताईस अब्रामचा सा. न.

काल सकाळी दव ओसरल्यावर पांढरी बादली घेऊन शेतात गेलो. नेटा होती तेव्हा, लग्नापासून, बादली तीच धरायची. बाबांच्या रीतीने लसूणघासाच्या तीस काड्या खुडून बादलीत झटकल्या. सोंडकिड्याच्या अळ्या निघाल्या अवघ्या अकरा. शेतभर फिरलो. शेजारचा दीत्रिख मात्र कुंपणावरून म्हणाला, की तुझं शेत किडीने म्हाताऱ्याच्या डोक्यासारखं पांढरं दिसतंय. मी म्हटलं, आधी स्वतःचं टक्कल बघ. अळ्या एवढ्या थोड्या, तेव्हा घाई नाही, फुलं आल्यावर कापीन.

तुझ्या गुडघ्यांसाठी रोज प्रार्थना करतो. माया असू दे.

तुझा अब्राम


विंकलर
१२ जून

चि. अब्रामास अनेक आशीर्वाद.

गुडघे बरे आहेत. देवाकडे आता दुसरं काही माग.

शेतभर फिरलास आणि अळ्या अकरा? टेकाडावर ऊन आधी लागतं, अळीही तिथेच आधी निघते. तू टेकाडावर गेलाच नाहीस. गेल्या जूनमध्ये नेटा तिथे कोसळली, तेव्हापासून तू कापणीचं यंत्रही तेवढा तुकडा सोडून वळवतोस, असं दीत्रिखची बायको सांगत होती. बाळा, न कापलेल्या गवतातच तो किडा हिवाळा काढतो. फुलांची वाट बघशील तर नुसत्या काड्या उरतील. बावीस गायी हिवाळ्यात काय तुझं दुःख खाणार?

रागावू नकोस. तिला मीही रोज आठवते.

तुझी ताई


श्योनताल
१६ जून

ती. ताईस सा. न.

मी तुझ्याशी खोटं बोललो. शेतभर फिरलो नव्हतो, ओढ्याकडूनच परतलो होतो.

परवा टेकाडावर गेलो. ती पडली तिथलं गवत अजून दबलेलं असेल, असं वर्षभर मनात धरून होतो. तसं काही नव्हतं. गेल्या सालचं गवत कुजून काळं पडलेलं, त्यातून नवं वर आलेलं, आणि त्याचे शेंडे खाऊन जाळीदार झालेले. तीस काड्यांत चौऱ्याण्णव अळ्या. गुडघे टेकून बसलो. प्रार्थनेचे शब्द काही आले नाहीत.

दीत्रिख न बोलावता आला. टोपी काढून म्हणाला, की तू नुसता बस, यंत्र मी चालवतो. मी नको म्हटलं.

लोभ आहेच, तो तसाच राहावा. काल टेकाडापासून सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत सगळं शेत कापलं.

अब्राम