शिमगा नसताना बोंब

आर. के. पुरम, नवी दिल्ली
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय शालिनीताई,

सप्रेम जय भीम. आम्ही सगळे मजेत. भाऊजींच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. फोनच करणार होते, पण फोनवर तू ऐकत नाहीस, मी तर नाहीच नाही. कागदाला मध्ये तोंड घालता येत नाही. माझ्या अक्षराला नावं ठेवू नकोस, चौथीतल्या बाईंनीही आशा सोडली होती.

इथे थंडी उतरली. सगळी कॉलनी दुपारी उन्हात बसून मटार सोलते. मी आणि हे गॅलरीत सोलतो. एक जण आत, पडदा ओढून.

श्रावस्तीचं फरिदाबादच्या लॅबमधलं काम जोरात आहे. पोरगी करते काय, ते इतकी वर्षं मला कळलं नव्हतं. परवा समोर बसवून विचारलं. म्हणाली, "आई, वायरस पेशीत घुसला ना, की आतल्या पहरेदारांना समजतं."

म्हटलं, "समजतं काय? चाहूल लागते म्हण."

"हां, बिल्कुल तेच! चाहूल."

तर चाहूल लागली की पेशी इंटरफेरॉन सोडते. म्हणजे बोंबच मारते. शेजारच्या पेशी सावध होतात, वायरसला वाढू देत नाहीत. ताप, अंगदुखी, बरंचसं त्या बोंबेनंच. काम झालं की ती थांबवायची सोयही अंगातच असते, नाहीतर शिमगा गेला अन् कवित्व राहिलं असं व्हायचं.

"पण काही जणांच्या अंगात वायरस नसतानाच सुरू होते," ती म्हणाली. "आपल्याच फुटलेल्या पेशींचा कचरा पहरेदारांना वायरस वाटतो."

"म्हणजे शिमगाच नाही आणि बोंब?"

"यार आई, हे मी प्रेझेंटेशनमध्ये घालू?"

आम्ही हसलो. पडद्याआडची पण हसली.

ताई, आता नीट वाच. गेल्या उन्हाळ्यात कुरडया घालायला तू चेतनाला गच्चीवर पाठवलंस. संध्याकाळी तिला ताप, गाल लाल, बोटं सुजलेली. तू म्हणालीस, काम दिसलं की माझ्या सुनेला ताप येतो. ताप तू बरोबर पाहिलास, कारण चुकलीस. कामानं नाही, उन्हानं. उन्हानं तिच्या पेशी फुटतात आणि बोंब सुरू होते. ल्यूपस म्हणतात त्याला. इथल्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

आता विचारशील, तिचं रक्त दिल्लीत कसं आलं.

ती चंद्रपूरला माहेरी नाही. दिवाळीपासून माझ्याकडे आहे. समाधाननं तिला गाडीत बसवून दिलं, आणि आईला माहेरचं नाव सांग असं मीच बजावलं. पोराला बोलू नकोस, मला बोल. "ती घरात राहिली तर मी निघते," असं तू म्हणालीस, ते त्यानं मला फोनवर रडत सांगितलं. मग तिला दवाखाना कोण दाखवणार होतं? तू?

गोळ्या चालू आहेत. हा आजार मुळातून जात नाही, ताब्यात राहतो. ताप उतरलाय, बोटं वळतात. काल तिनं भाकरी थापली. मी म्हटलं, वाकडी आहे. तर म्हणते, "मावशी, खायची आहे का भिंतीला टांगायची?" मला फार बरं वाटलं. आली तेव्हा तोंडातून शब्द निघत नव्हता.

तिला घरी यायचंय. माहेरी नाही, तुझ्या घरी. मी असते तर आले नसते, पण ती मी नाही.

एकटी मात्र पाठवणार नाही. तू ये आणि घेऊन जा. डॉक्टरीणबाईंना विचार, श्रावस्तीला विचार, मला चार शिव्या दे. बाकी सगळं ती करेल, उन्हातलं काही नाही. कुरडया विकत मिळतात.

यायचं नसेल तर तसं लिही. घर लहान आहे, पण ती मावते. मग समाधानही बायकोपाशी येईल, त्याला भेटायलाही तुला इथेच यावं लागेल, एवढं ध्यानात ठेव.

तुझी धाकटी बहीण,
आणि तू येईपर्यंत चेतनाची सासू,
नंदा