पाऊण मीटर की तीन मीटर

चि. ठमीस,

मावशीचे आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल आणि जेवण वेळेवर होत नसेल, हे दोन्ही मी धरून चालते. माझं विचारशील तर गुडघे सोडून सगळं उत्तम. आणि गुडघे तुझ्या त्या रंगीत चित्रापायी गच्चीवर चढउतार करून गेले.

स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक झाली, एवढंच मी फोनवर म्हणाले होते. त्यावर तू गच्चीवरच्या टाकीपासून माझ्या नळापर्यंतचा अख्खा पाइप कॉम्प्युटरात घातलास आणि वाटेत तीन मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब घटतो असं, रंगीत चित्र आणि हिशेबाचे कागद पाठवून, कळवलंस. मी पाणीखात्यात तेहतीस वर्षं हेच हिशेब केलेत (पेन्सिलीनं, उत्तरापुढे ‘मीटर’ लिहायचं राहिलं की शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टर बोटांवर पट्टी मारत, त्यामुळे अजून राहत नाही). माझं उत्तर आलं पाऊण मीटर. सूत्र तेच, पाइप तोच, आणि फरक चौपट! वर तू म्हणतेस, "मावशी, कॉम्प्युटर चुकत नाही गं." अगं, तो नाही चुकत, त्याला सांगणारी चुकते.

तरी मनात पाल चुकचुकलीच. पाइप आतून गंजला असेल तर तुझं खरं. म्हणून प्लंबरकडून वीतभर तुकडा कापून घेतला. (टाकीची चावी बंद करायची राहिली. तेव्हापासून खालच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. आधीही बोलत नव्हत्या, आता निदान कारण आहे.) पाइप आतून लख्ख. प्लंबर म्हणाला, "बाई, पाइपाला काही झालेलं नाही. तुम्हालाच झालंय."

शेवटी काल तुझे कागद ओळ न् ओळ तपासले आणि चोर सापडला. तू दोन नळ एकदम सुरू धरलेस, स्वयंपाकघरातला आणि बेसिनचा. पाणी दुप्पट, म्हणून घट चौपट. तू सुट्टीत यायचीस तेव्हा तसंच असायचं म्हणा. मी इकडे चहाचं भांडं विसळायची, तुझे काका तिकडे नळ सोडून दाढी करायचे, आणि मी रोज त्यावरून ओरडायची. आता चार वर्षं या घरात एका वेळी एकच नळ चालतो, ठमे. तेवढं दुरुस्त कर.

तुझी,
मावशी

ता. क. दोन्ही नळ एकदम चालू करून खरी घट एकदा मोजायलाच हवी. एक दाबमापक टाकीपाशी, एक नळापाशी, आणि दोन्ही एकाच क्षणी वाचायचे. मध्ये बावन्न पायऱ्या आहेत. एकट्या माणसाचं हे काम नाही.

ता. ता. क. धार पहिल्याच दिवशी ठीक झाली होती. नळाच्या जाळीत कचरा होता. पण तू रोज फोन करायला लागलीस, म्हणून बोलले नाही.