शुक्रन म्हणू नये

अल वक्रा, १२ जानेवारी २०२५

ती. शैलजाआत्यास,
अंतराचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडते आणि तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, त्यापेक्षा पत्र बरं. फोटो काढून पाठवतेय, मोठं करून वाच. इथे सगळे मजेत. अमेय दोह्यातल्या वेस्ट बेच्या ऑफिसातून अंधार पडल्यावर उगवतो, आणि श्रेयस माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर देतो.

मी मात्र रडकुंडीला आलेय. माझं संशोधन द्रूझ लोकांवर, हे तुला ठाऊकच आहे. लेबनॉनच्या डोंगरातला छोटा समाज. धर्मग्रंथ बाहेरच्याला तर सोडच, त्यांच्यातल्याही दीक्षा न घेतलेल्यांना दाखवत नाहीत. मला ते गुपित नकोच आहे गं. डोंगर सोडून परदेशी आलेल्या घरांनी काय काय जपलं, एवढंच हवंय.

आमच्या मागच्याच गल्लीत उम्म नदीम, म्हणजे नदीमची आई, मुलाकडे राहतात. पांढरी ओढणी, करारी नाक, थेट आपल्या मोठ्या काकू. दोनदा गेले. दोन्ही वेळा प्रेमानं बसवलं, ‘माते’ दिलं. हा एक कडू पाला. पेल्यात घालून वर गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीनं ओढायचं. एकच पेला, एकच नळी, सगळ्यांत फिरते. मी पिऊन संपवलं, ‘शुक्रन’, म्हणजे अरबीत धन्यवाद, म्हटलं, आणि खलास! पेला पुन्हा माझ्याकडे आलाच नाही. आजी सुनेशी बोलत बसल्या आणि मी गालिच्याची नक्षी बघत.

आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, महिनाअखेर एकही घर बोलतं झालं नाही तर विषय बदला. चाळिशीला टेकून, अरबी घोकून घोकून आता विषय बदलू? जीव नुसता टांगणीला लागलाय.

तुझा लोभ आहेच, सध्या तो जरा वाढवून दे.
तुझी,
अंतरा

नाशिक, १७ जानेवारी

चि. सौ. अंतरास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. एकाच नळीनं सगळ्यांनी प्यायचं? शिव शिव! अगं, उष्टं ते! आणि तू प्यायलीससुद्धा!

असो. मी काही द्रूझांची जाणकार नाही. पण शाळेत कुठलाही कार्यक्रम असो, आभारप्रदर्शन माझ्या गळ्यात असायचं. मी माईककडे निघाले की मागची पोरं चपला शोधायला लागायची. आभार मानले म्हणजे सभा संपली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि तू पहिल्याच पेल्याला आभारप्रदर्शन उरकतेस! त्या बाईनं काय समजायचं? त्यांची रीत काय असेल ती असो, एकदा तोंड मिटून पेला परत देऊन बघ.

आणखी एक. लिहू की नको, असं चाललं होतं, पण लिहितेच. तुझी आई गेल्यापासून तू माझ्या हाताखाली वाढलीस. भाजणी संपली की डबा आपटायचीस, हक्कानं रुसायचीस. दोह्याला निघालीस तेव्हा विमानतळावर पाया पडलीस आणि म्हणालीस, थँक्यू आत्या, सगळ्यासाठी. चांगल्या मनानंच म्हणालीस. मला मात्र फार लागलं गं. वाटलं, पोरीनं सभा संपवली. त्यानंतर तू माझ्याकडे काही म्हणून मागितलं नाहीस. विचारलं की तुझं एकच, इथे सगळं मिळतं. मिळतं ते मलाही ठाऊक आहे.

अमेयरावांना आशीर्वाद, श्रेयसला गोड पापा. माया पहिल्यासारखीच आहे, त्यात शंका नको.
आत्या

अल वक्रा, २५ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

आत्या, तू म्हणजे ना! काल शुक्रवारी गेले. पेला आला, प्यायले, मुकाट्यानं परत दिला. जीभ नुसती वळवळत होती. आजींनी माझ्याकडे नीट बघितलं, लिंबाच्या सालीनं नळी पुसली (हो, पुसतात! मागच्या पत्रात सांगायचं राहिलं), आणि पेला पुन्हा भरून माझ्या हातात दिला. मग आणखी एकदा. मग दोघी सासू-सुना हसत सुटल्या. सुनेनं सांगितलं, पेला परत देताना शुक्रन म्हणजे ‘आता पुरे’. आजींना वाटायचं, भारतीय बाईला कडू झेपत नाही, भिडेखातर बसते बिचारी.

आणि मग त्या बोलायला लागल्या. त्यांचे आजोबा बोटीनं अर्जेंटिनाला कामाला गेले, म्हातारपणी परतले ते ‘माते’ची सवय आणि वाळक्या भोपळ्याचा एक पेला घेऊन. तो पेला माझ्या हातात होता, आत्या! रेकॉर्डिंगला हो म्हणाल्या, फक्त धर्माचं विचारायचं नाही. तरी निघताना स्वतःच म्हणाल्या की, आमच्यात आत्मा पुन्हा जन्म घेतो. तू मागच्या जन्मी आमच्या डोंगरातली असणार, नाहीतर इतकं कडू कोण पितं! मॅडमना कळवलं. विषय तोच राहिला.

आता विमानतळाचं. वाचून ओट्याशी उभी राहून रडले. तुझ्यावर आणखी किती भार टाकायचा, म्हणून मागायचं थांबले होते. सभा संपवली नव्हती गं.

तर आता मागते. थालीपिठाची भाजणी हवी, जाडसर. मेतकूट हवं. लिंबाचं गोड लोणचं हवं. श्रेयसला मराठीत बोलायला लावणारं माणूस हवंय, ते कुणाबरोबर पाठवता येत नाही, ते तूच घेऊन ये. उम्म नदीमना सांगून ठेवलंय.

आभार मानत नाही. पेला पुढे केलाय.
तुझीच,
अंतरा

नाशिक, ३० जानेवारी

चि. सौ. अंतरास,
अनेक आशीर्वाद.

भाजणी भाजून झाली, उद्या गिरणीत देते. अमेयरावांना म्हणावं, तिकिटाचं बघा. त्या बाईंकडे जाताना माझी वेगळी नळी घ्यायची, म्हणून भांड्यांच्या दुकानापर्यंत जाऊन आले.

मग तशीच परत फिरले. लिंबानं पुसतात ना, मग झालं.

तुझी आत्या