सकाळची गाडी काऊन मागितली

समीक्षाचे बाबा,

निंदणाच्या दिवसात माय मले वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून हाक मारे, “दीपे, ऊन चढाच्या आंधी निंदून घे वं! मंग खुरपं तण सोडून पिकालेच लागते.” आज उठल्याबरोबर तिचा तोच आवाज आठवला.

मी पहिल्या गाडीवर जाऊन राह्यली. भाजी झाकून ठेवली आहे, पोळ्या डब्यात आहेत. समीक्षाची वेणी जमली नाई तर नुसतं रबर लावून द्या. रुसली तरी शाळेत जाईस्तोवर विसरते ती.

काल तुम्ही इचारलं, “सकाळची ड्यूटी काऊन मागितली? घरात करमत नाई का तुले?” मी तशीच कणीक मळत राह्यली. सकाळी तिकिटाच्या मशीनवर माझी बोटं चिमणीनं दाणे टिपावे तशी चालतात. दुपारी देवळीच्या फेरीले मात्र डोळे जड होतात अन् भलतंच बटन दाबल्या जाते. परवा एका आजोबाले अर्ध्याच्या जागी पुरं तिकीट निंघालं. ते हासून म्हणाले, “कंडक्टरबाई, आज मले जवान केलं का वं?” सारी गाडी हासली, मीही हासली. पण डेपोत साहेबांनी बजावलं, आणखी चुकलं तर गाडीवरून उतरवू.

हे सांगतलं असतं तर तुम्ही मायेनंच म्हटलं असतं, “थकतेस, सोडून दे नोकरी.” मले तेच आयकाचं नव्हतं. मले हे काम आवडते, समीक्षाचे बाबा. मी सोडणार नाई.

दीपमाला