भिंत घालण्यापूर्वी

डिचोली,
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९८७

प्रिय सुमंगल बाय,

तुझा ज्येष्ठ बंधू, जीवशास्त्राचा अध्यापक आणि गृहकलहाचा मूक साक्षीदार, सदेह कुशल आहे. यंदा गोवा दमण-दीवपासून विभक्त होऊन राज्यपदास पोहोचला. त्या तेजस्वी उदाहरणाने आपले घरही प्रेरित झाले. चतुर्थीचा गणपती पोचवताच आपल्या धाकट्या सगुणने गवंडी बोलावला. आता ओसरीच्या मधोमध चिऱ्यांची भिंत आहे. पलीकडे भाजलेल्या बांगड्यांचा अलीकडे केवळ सुगंध प्राप्त होतो.

परवा वर्गात पेशीविभाजन शिकवत होतो. वनस्पतीची पेशी मध्यभागी एक पातळ पट्टिका रचते, ती कडांपर्यंत वाढून भिंत होते. प्राण्याची पेशी कमरेत करगोटा आवळावा तशी आत खचत जाते आणि दुभंगते. आम्ही बंधूंनी दोन्ही पद्धतींचा अंगीकार केला, भिंत वनस्पतीची आणि आवळणे प्राण्याचे. परंतु दोहोंत एक शिस्त समान आहे. विभागण्याआधी पेशी आपल्या प्रत्येक गुणसूत्राची प्रत सिद्ध करते. मग दोन्ही नव्या पेशींना संपूर्ण संच मिळतो, कोणीही रिक्तहस्त जात नाही. हे वाक्य उच्चारून तास तिथेच थांबवला. मुलांना पाणी प्यायला सोडले, प्यालो मीच.

कारण आम्ही घराचे दोन भाग केले आणि लेकीलाही समान वाटा देणाऱ्या आपल्या गोव्याच्या कायद्याने ते तीन होतात. तिसरा तुझा. हे मी सगुणला एकदा, अत्यंत क्षीण स्वरात, सांगितले. ट्रक चालवून त्याचा आवाजही ट्रकसारखाच झाला आहे. म्हणाला, "तिका एक बरें कापड घेवया, म्हणजे जालें." यावर मी, शास्त्रज्ञ, मान डोलावली. इतकेच नव्हे, बाजारात जाऊन ते लुगडे मीच निवडले. जांभळे आहे. तुला शोभेल.

भाऊबीजेला आम्ही दोघे धारगळला येऊ. तू ओवाळशील, तबकात लुगडे पडेल आणि पाठोपाठ सगुण हक्क सोडल्याचा कागद काढील. त्यावर तुझी आणि भावोजींची सही लागते. तेव्हा मीही हसून "कर गो बाय" म्हणेन. त्याच्यासमोर दुसरे काही बोलण्याचे धैर्य माझ्यापाशी नाही, आणि भाऊबीजेपर्यंत ते येईल असेही वाटत नाही. म्हणून आजच लिहितो. त्या दिवशी माझे ऐकू नकोस. लुगडे ठेवून घे, सही करू नकोस.

तुझाच, भिंतीअलीकडचा,
गोकुळदासभाई