बाबांच्या रक्तातला शिंपी

तीर्थरूप मामा यांस,

वाकून नमस्कार. तुमचा आणि मामींचा अबोला संपला असेल अशी आशा आहे (नसेल तर आधी तो मिटवा, मग पुढे वाचा).

बाबांच्या पायात रक्ताची गुठळी झाली, हे तुम्हाला कळलंच असेल. दिवसभर शिलाई मशीनवर बसून झाली म्हणे. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतेल, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. गोळ्यांनी गुठळी विरघळेल ना, असं बाबांनी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, ते काम तुमचं रक्तच करेल, आणि पुढचा पेशंट बोलावला.

समजावणं माझ्याकडे आलं (पदवी मिळाल्यापासून घरात मला टीव्हीच्या रिमोटखेरीज कशाबद्दल कोणी विचारलं नव्हतं). मी मन लावून सांगितलं. गुठळी म्हणजे फाटल्या जागी रक्ताने घातलेला कच्चा धावदोरा. पक्की टीप पडली की तो काढायचा. त्यासाठी रक्तात प्लाझ्मिन नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. एरवी ते निजलेलं असतं, गुठळीपाशी जागं होतं आणि तिचे धागे कापत जातं. आपल्या आत एक शिंपी बसलाय, हे ऐकून बाबांना भरून आलं. मलाही आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्या बंद केल्या. आपल्या दुकानाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: एकाने उसवायला घेतलेल्या कापडाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. तो बिचारा नेटाने उसवतोय, त्यात गोळ्यांची लुडबुड कशाला? आई रडली, मी आकृत्या काढल्या, उपयोग शून्य. शेवटी समोर मशीन बडवत बसलेल्या काकांकडे बघून मला सुचलं. म्हटलं, "बाबा, तो एकीकडून उसवतोय आणि दुसरीकडून काका त्याच गुठळीवर नवे टाके घालत सुटलेत. गोळी फक्त काकांचे हात धरते." बाबांनी काकांकडे जळजळीत पाहिलं आणि गोळी गिळली. (काका माझ्याशी बोलत नाहीत.)

आता त्यांच्या पायाची सूज उतरलीय. बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला प्लाझ्मिन सांगत बसतात, त्यामुळे एकही कपडा वेळेवर होत नाही. घर आनंदात आहे.

तुमची,
भाची

ता. क. तुमची एकच पोटरी सुजलीय आणि तुम्ही ती तेल लावून चोळताय, असं आई म्हणते. चोळू नका, आत गुठळी असली तर सुटेल. फोनवर तब्येतीचं काढलं की तुम्हाला नेमकं ऐकू येईनासं होतं, म्हणून हे पत्र बाबांच्याच हाती दिलंय. दोन्ही पोटऱ्यांचं माप घेऊन ते तुम्हाला दवाखान्यात नेतील. निमूट जा.

ता. क. दुसरा. बाबांची आजची गोळी त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. तुम्ही त्यांच्यावर नजर ठेवा.