मीठ पुरे म्हणणारी

सोल, ५ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

टूरिस्ट गाइडच्या परीक्षेसाठी इंग्रजी घोकतेय. काल ‘इंटँजिबल’ हे विशेषण आलं. जे आहे, पण हाताला लागत नाही, त्याला ते लावायचं. सरांनी उदाहरण दिलं ते आपल्या किमजांगचं! मी म्हटलं, आमच्या अंगणात या, कंबरेएवढा कोबीचा ढीग हाताला लागतो की नाही बघा. वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, कोबी नव्हे, गल्लीने मिळून वर्षाची किमची घालण्याची रीत. मला काही ते पटलं नाही. परीक्षेत घरचं उदाहरण विचारतात म्हणे, एखादं सुचव.

यंदा येणं जमणार नाही. डबा मात्र पाठव, आणि रागावू नकोस.

तुझी दान्बी

ग्वेसान, ११ नोव्हेंबर

चि. दान्बीस,
अ. उ. आ.

वा गं वा! हाताला न लागणारं शिकायला सोल, आणि खायला आईचा डबा.

उदाहरण घे: माझ्या जिभेची चव. उन्हाळ्यातल्या तापापासून ती गेलीय. मीठ काय, साखर काय, मला सारखंच. कोणाला बोलले नाही. मसाला कालवला की सगळी गल्ली माझ्या ‘मीठ पुरे’साठी थांबते. हे कळलं तर पुढच्या वर्षी कोबी शेजारच्या दोकसुनच्या अंगणात जाईल, आणि मी तिथे लसूण सोलत बसेन. मला ते सोसायचं नाही. तू ये. मागे उभी राहून गुपचूप चाख, मीठ कमी असेल तर माझी बाही ओढ. अभ्यास बसमध्ये कर.

वाट पाहणारी, आई

सोल, २७ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पण मला बोलावलंस कशाला? मी बाही ओढायच्या आधीच तू पानात मसाला गुंडाळून दोकसुनकाकूंच्या तोंडात कोंबलास, त्यांचा चेहरा बघितलास आणि हुकूम सोडलास, की अजून मीठ घाला. मग दुसरीला भरवलंस आणि म्हणालीस, पुरे. मी चाखलं, अगदी बरोबर होतं! एकमेकींना भरवायची आपली रीतच, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. बसमध्ये अभ्यास कसला, डोळे पुसत आले. परीक्षेत हेच सांगणार आहे.

माया आहेच, ती वाढव.

तुझी दान्बी

ग्वेसान, २ डिसेंबर

चि. दान्बीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी ऐटीत होते. काल दोकसुन आली. उन्हाळ्यात मी तिच्या किमचीची तारीफ केली, तेव्हाच म्हणे तिला कळलं. तिच्या किमचीला आजवर कोणी चांगलं म्हटलेलं नाही! तिनेच सगळ्या गल्लीला बजावलं होतं, की हिने भरवलं आणि मीठ कमी लागलं, तर तोंड नीट वेडंवाकडं करा, हिला दिसलं पाहिजे. आधी मला संताप आला, मग हसू, मग तिच्यासमोरच रडले.

जाताना तिने दम दिला, की पुढच्या वर्षीही कोबी माझ्याच अंगणात उतरेल, फक्त चष्मा नवा कर. यंदा तिला तोंड फारच वेळ वाकडं धरून ठेवावं लागलं.

आता सगळ्या गल्लीचे आशीर्वाद घे.

तुझी आई